झुरळ, फितूर आणि ‘काम’

रवांडाच्या जुन्या ओळखपत्रावर ‘उबवोको’ अशी एक ओळ छापलेली असे आणि तिच्यापुढे चार पर्याय : हुतू, तुत्सी, त्वा, नागरिकत्व घेतलेला. कचेरीतला कारकून त्यांतल्या तीन पर्यायांवर काट मारी; जो शब्द उरे ती त्या माणसाची जमात. मूळ किन्यारवांडा भाषेत ‘उबवोको’चा अर्थ ‘प्रकार’ किंवा ‘कूळ’ एवढाच होता, आणि बहुतेक कुळांत हुतूही असत आणि तुत्सीही. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या साधारण शंभर दिवसांत रस्त्यांवरच्या नाक्यांवर हे कार्ड मागितले जाई आणि काट न मारलेल्या त्या एका शब्दावर माणूस पुढे जाई किंवा तिथेच मारला जाई. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. रवांडाचे सरकार हा आकडा १० लाखांच्या वर सांगते. मेलेल्यांत बहुसंख्य तुत्सी होते. पण या कत्तलीला विरोध करणारे किंवा नुसते आड येणारे हुतूही त्यांत होते.

त्या वेळी जगभरच्या अनेक बातम्यांनी याला ‘जमातींचे जुने वैर’ म्हटले. हे स्पष्टीकरण सोपे होते, आणि मारणाऱ्यांना सोयीचेही. वैर जुने म्हटले की ते कोणी, कधी आणि कशासाठी तापवले हे विचारायला नको. रवांडाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी तपशिलाने मिळतात. राजकारणात भीती आणि द्वेष कसे वापरले जातात याच्या अभ्यासात या छोट्या देशाचे नाव पुन्हापुन्हा येते ते त्यामुळे.

हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत, एकाच चर्चमध्ये जात, आपसांत लग्ने करत. मूल बापाच्या गटाचे मानले जाई. राजदरबार आणि गुरांचे मोठे कळप तुत्सींकडे, शेती मुख्यतः हुतूंकडे, अशी उतरंड होती. गोरगरीब मात्र दोन्हीकडे होते, आणि गुरेढोरे जमवलेला हुतू काळाच्या ओघात तुत्सी गणला जाण्याची वाटही होती. एकोणिसाव्या शतकात जॉन हॅनिंग स्पीक या इंग्रज प्रवाशाने आफ्रिकेच्या या भागातले राज्यकर्ते उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेल्या वरच्या वंशाचे असावेत अशी कल्पना मांडली. पुरावा फारसा नव्हता, पण युरोपियनांना ती पटली. पहिल्या महायुद्धानंतर रवांडा बेल्जियमच्या ताब्यात आला. १९३३–३४ मध्ये बेल्जियन अधिकाऱ्यांनी शिरगणती करून प्रत्येकाच्या हातात कार्ड दिले. तुत्सी राज्य करायला जन्मलेले, असे ठरवून मुखियाची पदे आणि शाळेतल्या जागाही मुख्यतः त्यांनाच दिल्या. पुढे, १९५० च्या दशकाच्या शेवटी शिकलेले तुत्सी स्वातंत्र्य मागू लागले तेव्हा याच अधिकाऱ्यांनी पारडे हुतूंच्या बाजूला झुकवले. नोव्हेंबर १९५९ मध्ये हिंसाचार उसळला, तुत्सींची घरे जळली, हजारो जण शेजारच्या युगांडा, बुरुंडी, काँगोत पळाले. १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तो ‘बहुसंख्य हुतूंचे राज्य’ म्हणून. वर बसवलेले परके, अशी जी तुत्सींची ओळख गोऱ्यांनी बनवली होती, तीच नव्या राज्यकर्त्यांनी उचलली. फक्त ‘वर बसवलेले’ गाळले आणि ‘परके’ ठेवले.

परागंदा झालेल्या तुत्सींच्या काही सशस्त्र टोळ्या रात्री सीमा ओलांडून हल्ले करत. त्यांना ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळे म्हणत : रात्री बाहेर पडणारी, मारली तरी परत येणारी. डिसेंबर १९६३ मध्ये अशी एक टोळी बुरुंडीतून राजधानी किगालीच्या दिशेने बरीच आत आली. सैन्याने ती परतवली, आणि नंतरच्या काही आठवड्यांत देशातच राहिलेल्या हजारो तुत्सींना मारण्यात आले. त्यांचा त्या टोळीशी काही संबंध नव्हता. साप सीमेवर आणि काठी शेजाऱ्याच्या पाठीवर, हा साचा तेव्हाच तयार झाला. तीस वर्षांनी तोच वापरला गेला.

मधली वर्षे मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९७३ मध्ये लष्करप्रमुख जुवेनाल हाब्यारिमाना यांनी सत्ता बळकावली. तुत्सींना शिक्षणात आणि नोकऱ्यांत कोट्याची मर्यादा होती, सैन्यात आणि राजकारणात जवळजवळ दरवाजा बंद होता. पण त्यानंतर १९९० पर्यंत त्यांच्या मोठ्या कत्तली झाल्या नाहीत. वैर खरोखरच रक्तात असते तर ते सतरा वर्षे थांबले नसते. सरकारचा धाक होता, शिस्त होती, आणि ‘उमुगांदा’ नावाचे सक्तीचे श्रमदान होते : ठरल्या दिवशी टेकडीवरच्या सगळ्यांनी जमून रस्ते दुरुस्त करायचे, झाडे लावायची, बांध घालायचे. स्थानिक अधिकारी हाक देई आणि लोक कोयती-कुदळी घेऊन बाहेर पडत. या सवयीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

हाब्यारिमाना यांची घडी विस्कटली ती कॉफीमुळे. देशाची परकीय चलनातली बहुतेक कमाई कॉफीवर होती. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव जवळपास निम्म्यावर आले. सत्ताधारी मंडळी, विशेषतः राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीभोवतीचा वायव्येकडचा गट, लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली. हुतू विरोधकच पक्ष काढायची परवानगी मागत होते. राजवटीला धोका होता तो हुतूंकडूनच, आणि बहुसंख्याकांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला ‘बहुसंख्याक आपल्या विरोधात आहेत’ हे कबूल करता येत नाही. नेमके त्याच वेळी, १ ऑक्टोबर १९९० रोजी, निर्वासितांच्या दुसऱ्या पिढीने उभारलेल्या ‘रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट’ने (आरपीएफ) युगांडातून हल्ला चढवला.

हल्ला खरा होता. ही गोष्ट नीट लक्षात घेतली नाही तर पुढचे काही कळत नाही. पूर्णपणे बनावट भीती फार दिवस टिकत नाही. तिला खऱ्याचा एक खिळा लागतो आणि त्यावर हवे तेवढे टांगता येते. पहिला प्रयोग चौथ्याच दिवशी झाला. ४ ऑक्टोबरच्या रात्री किगालीत पहाटेपर्यंत गोळीबार चालला. सरकारने सांगितले की शत्रू राजधानीत घुसला होता, आपण त्याला परतवले. प्रत्यक्षात शत्रू बराच दूर होता. गोळ्या सरकारी सैनिकांनीच झाडल्या होत्या आणि एवढ्या गोळ्या सुटूनही शहराचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नव्हते. फायदा मात्र दुहेरी झाला. फ्रान्स, बेल्जियम आणि झैर (काँगोचे तेव्हाचे नाव) यांचे सैनिक मदतीला आले, आणि ‘शत्रूला आतून कोणीतरी मदत केली असणार’ या संशयावर हजारोंची धरपकड करता आली. आतून मदत करणारे म्हणजे ‘इबित्सो’. मराठीत याला ‘फितूर’ हा शब्द नेमका बसतो. झुरळ दिसते तरी. फितूर दिसत नाही, म्हणून तो कोणीही असू शकतो. त्याच महिन्यात किबिलिरा भागात अफवा पसरवून दोन दिवसांत तीनशेहून अधिक तुत्सी मारले गेले. युद्ध तिथून फार लांब होते.

हे सारे उत्स्फूर्त नव्हते, याचा एक विलक्षण पुरावा १९९४ च्या नरसंहारानंतर बुतारे भागात सापडला : प्रचार कसा करावा याचे चक्रमुद्रित टिपण. त्याचा अनामिक लेखक रॉजर म्युक्येली या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या जाहिरात आणि प्रचारावरच्या पुस्तकाचा आधार घेऊन दोन युक्त्या समजावतो. एक, घटना ‘निर्माण’ करणे. किगालीतली ती रात्र हा त्याचा नमुनाच. दुसरी, ‘आरशातला आरोप’ : जे आपल्याला करायचे आहे ते समोरचा करणार आहे असे आधीच ओरडून सांगायचे. चोराच्या उलट्या बोंबा चोरीनंतर असतात. या बोंबा चोरीच्या आधीच्या. त्यांचा उपयोग गुन्हा झाकण्यापुरता नसतो. ऐकणाऱ्या साध्या माणसाला वाटू लागते की आपण हल्ला करत नसून जीव वाचवत आहोत, आणि मग जो हात एरवी उठला नसता तो उठतो.

मार्च १९९२ मध्ये बुगेसेरा भागात ही दुसरी युक्ती वापरली गेली. ३ मार्चला सरकारी रेडिओ रवांडाने एक पत्रक पुन्हापुन्हा वाचून दाखवले. नैरोबीतल्या एका मानवी हक्क गटाच्या नावावर खपवलेल्या या पत्रकात तुत्सी मंडळी प्रमुख हुतू पुढाऱ्यांचे खून पाडणार असल्याचा दावा होता. पत्रक बनावट होते. लगेचच बुगेसेरात कत्तल सुरू झाली आणि शेकडो माणसे मेली. तिथल्या न्यामाटा गावात बरीच वर्षे राहिलेल्या अँतोनिया लोकातेल्ली या इटालियन सेविकेने परदेशी रेडिओंना फोन करून सांगितले की हा गावकऱ्यांचा संताप नाही, माणसे बाहेरून आणली आहेत. तिला गोळी घालून ठार करण्यात आले. रेडिओची जबाबदारी असलेले इतिहासाचे प्राध्यापक फर्दिनां नाहिमाना यांना ते पद सोडावे लागले. वर्षभराने हेच गृहस्थ एका नव्या, खासगी रेडिओच्या संस्थापकांत दिसतात.

त्याआधी छापील मजकुराने जमीन नांगरली होती. हसन न्गेझे यांच्या ‘कांगुरा’ नियतकालिकाने डिसेंबर १९९० मध्ये ‘हुतूंच्या दहा आज्ञा’ छापल्या. त्यांत तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा, तुत्सीबरोबर धंद्यात भागीदारी करणारा, त्याला उसने पैसे देणारा प्रत्येक हुतू गद्दार ठरवला होता. वरवर हा मजकूर तुत्सींबद्दल आहे, पण धाक घातला आहे तो हुतूंना. शत्रूपेक्षा आपल्यातल्या मवाळ माणसाला आधी गप्प करायचे असते. शेजाऱ्याला दूध देणे हाच गुन्हा ठरला की मधली जागा आपोआप रिकामी होते. २२ नोव्हेंबर १९९२ रोजी काबाया इथल्या सभेत सत्ताधारी पक्षाचे पुढारी लेओं म्युगेसेरा यांनी तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत पाठवण्याची भाषा केली. स्पीकची सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पना आता सभेतल्या टाळ्यांपर्यंत पोहोचली होती. न्याबारोंगोतून नाव इथिओपियाला जात नाही. पाठवायचे काय होते, हे ऐकणाऱ्यांना कळले. १९९४ मध्ये त्या नदीतून प्रेते वाहत गेली.

८ जुलै १९९३ रोजी सुरू झालेल्या नव्या रेडिओचे नाव होते आर्टीएलएम, म्हणजे ‘हजार टेकड्यांचा मुक्त रेडिओ-दूरदर्शन’. दूरदर्शन कधी आलेच नाही. भागधारकांत खुद्द हाब्यारिमाना होते आणि पैशाच्या बाजूला फेलिसियाँ काबुगा हे बडे व्यापारी. सरकारी रेडिओ म्हणजे रटाळ भाषणे आणि सूचना. इथे झैरचे झकास संगीत, श्रोत्यांचे फोन, बारमध्ये चालतात तसल्या गप्पा, चहाड्या आणि थट्टा. कांतानो हाबिमाना हा निवेदक विनोदी बोलण्यासाठी इतका लोकप्रिय होता की आरपीएफचे सैनिकही हा रेडिओ ऐकत असे सांगतात. द्वेषाचा प्रचार कर्कश आणि कंटाळवाणा असतो अशी एक समजूत आहे. आर्टीएलएम मुळीच कंटाळवाणा नव्हता. हसता हसता नाव घेतले जाई, मग पत्ता, मग कोण कोणाकडे ऊठबस करतो ते.

आणि त्या वर्षी खऱ्या बातम्याही त्याच दिशेच्या येत होत्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये आरपीएफने युद्धबंदी मोडून उत्तरेत मुसंडी मारली. लाखो हुतू शेतकरी घरदार सोडून किगालीभोवतीच्या छावण्यांत आले. ऑगस्टमध्ये अरुशा इथे सरकार आणि आरपीएफ यांच्यात शांतता करार झाला, सत्तेत आरपीएफचा वाटा ठरला. तेवढ्यात २१ ऑक्टोबरला शेजारच्या बुरुंडीत, निवडून आलेले पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष मेलशिओर न्दादाये यांची तुत्सी सैनिकांनी हत्या केली आणि तिथल्या हिंसाचारातून आणखी काही लाख निर्वासित रवांडात शिरले. ‘तुत्सींशी समझोता म्हणजे मरण’ असे सांगणाऱ्याला याहून चांगला दाखला मिळाला नसता. आर्टीएलएमने तो रक्तबंबाळ वर्णनांसकट वापरला.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री हाब्यारिमाना यांचे विमान किगालीत उतरताना क्षेपणास्त्राने पाडले गेले. कोणी पाडले यावर आजही एकमत नाही. आर्टीएलएमने लगेच आरपीएफ आणि बेल्जियन सैनिकांकडे बोट दाखवले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना, ज्या स्वतः हुतू होत्या, आणि त्यांच्या रक्षणासाठी आलेले संयुक्त राष्ट्रांचे दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले. समझोता करू शकणारे हुतू आधी संपवले. मग रेडिओवर माणसांची नावे, मोटारींचे नंबर, लपण्याच्या जागा येऊ लागल्या. उंची आणि नाक पाहून माणूस ओळखा, अशाही सूचना आल्या. मारणे हा शब्द क्वचितच वापरला जाई. शब्द होता ‘गुकोरा’, काम करणे. कामाला लागा, काम उरकले का, काम अर्धवट राहिले आहे. कोयते घेऊन एकत्र बाहेर पडण्याची उमुगांदाची सवय हाताशी होतीच. ‘इंतेराहाम्वे’ या सत्ताधारी पक्षाच्या तरुण टोळ्यांनी पुढाकार घेतला आणि गावकऱ्यांना मागे ओढले.

बुतारे प्रांतात जवळजवळ दोन आठवडे मोठी कत्तल झाली नाही. तिथले प्रांताधिकारी देशातले एकमेव तुत्सी प्रांताधिकारी होते आणि त्यांनी हिंसा रोखून धरली. १७ एप्रिलला त्यांना पदावरून काढले. १९ तारखेला हंगामी राष्ट्राध्यक्ष थेओदोर सिंदिकुबवाबो, पेशाने डॉक्टर, स्वतः बुतारेत आले आणि ‘हे माझे काम नाही’ म्हणणाऱ्यांनी बाजूला व्हावे असे भाषण केले. भाषण रेडिओवरही ऐकवले गेले. त्यानंतर बुतारेत जे झाले ते देशातल्या सर्वांत भीषण कत्तलींपैकी आहे. ताबा नावाच्या भागात झां-पोल अकायेसु हे विरोधी पक्षाचे महापौर होते, पूर्वीचे शिक्षक. त्यांनीही सुरुवातीला टोळ्यांना थोपवले. १८ एप्रिलला नव्या सरकारने महापौरांची बैठक घेतली. तिथून परतल्यावर अकायेसु यांनी बाजू बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमलेल्या लोकांना ‘एकमेव शत्रू’ संपवायला सांगितले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नरसंहारासाठी दोषी ठरवलेले ते पहिले गृहस्थ. याउलट गिटी भागात तिथल्या महापौराने शेवटपर्यंत हिंसा होऊ दिली नाही. आरपीएफ तिथे लवकर पोहोचली हेही खरे, म्हणून सारे श्रेय एकट्या महापौराला देता येत नाही. तरीही टेकड्या त्याच, माणसे तशीच आणि रेडिओही तोच, मग फरक कशाने पडला, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर स्थानिक अधिकाऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दात आहे.

रेडिओने नेमके किती केले यावर अभ्यासकांत वाद आहे. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थतज्ज्ञाने टेकड्यांमुळे कुठल्या गावात आर्टीएलएम ऐकू येई आणि कुठल्या नाही याची तुलना केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधानुसार हिंसेतील सहभागापैकी सुमारे १० टक्के या प्रसारणामुळे. स्कॉट स्ट्राउस या राज्यशास्त्रज्ञाने त्याआधी तुरुंगातल्या २१० कबुलीजबाब दिलेल्या मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. रेडिओ ऐकून बाहेर पडलो असे म्हणणारे थोडेच निघाले. शेजारी तुत्सींशी आधी वैर होते असेही बहुतेकांनी सांगितले नाही. अनेकांचे त्यांच्याशी सोयरसंबंध होते. कारणे निघाली ती दोन : आरपीएफ येऊन आपल्याला मारील ही भीती, आणि टोळीबरोबर गेलो नाही तर आपलेच लोक आपल्याला सोडणार नाहीत ही भीती. द्वेष बराचसा नंतर आला, काम सुरू झाल्यावर. स्ट्राउसचा नमुना मर्यादित आहे आणि कैदी स्वतःला सावरून बोलतात हेही धरायला हवे, पण वरच्या सगळ्या घटनाक्रमाशी त्याचे निष्कर्ष जुळतात. वरच्यांना द्वेष हवा होता, आणि खालच्यांकडून तो वदवून घेण्याचा रस्ता भीतीतून जात होता.

बाहेरच्या जगाने काय केले ते थोडक्यात सांगता येते, कारण फार काही केले नाही. २१ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांनी आपले शांतिसैन्य २७० पर्यंत घटवण्याचा ठराव केला. आर्टीएलएमचे प्रसारण विमानातून बंद पाडता येईल का, हा प्रश्न अमेरिकी संरक्षण खात्यापुढे आला होता. ५ मेच्या टिपणात उत्तर आहे : उपाय फारसा परिणामकारक नाही आणि खर्च विमानाच्या तासाला सुमारे साडेआठ हजार डॉलर.

न्याय नंतर मिळाला, अर्धामुर्धा. हंगामी पंतप्रधान झां कांबांदा यांनी १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला. शत्रूविरुद्धच्या लढाईतले अपरिहार्य शस्त्र म्हणून आपण आर्टीएलएमला पाठबळ दिले, हेही त्यात होते. नाहिमाना, न्गेझे आणि आर्टीएलएमचे दुसरे संस्थापक बारायाग्विझा यांच्यावरचा ‘माध्यम खटला’ ३ डिसेंबर २००३ रोजी निकालात निघाला. न्यूरेंबर्गला १९४६ मध्ये फाशी झालेल्या ज्युलिअस श्ट्राइखर या नाझी संपादकानंतर पत्रकारितेवरून एवढा मोठा खटला झाला नव्हता. २००७ च्या अपिलात शिक्षा कमी होऊन ३० ते ३५ वर्षांवर आल्या. त्या निकालातला एक मुद्दा आजही वादाचा आहे : ६ एप्रिलपूर्वीचे आर्टीएलएमचे प्रसारण द्वेषपूर्ण होते, पण नरसंहाराची थेट चिथावणी म्हणून ते सिद्ध होत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. परंतु भीतीचे राजकारण थेट चिथावणीआधीच्या काळात, गाणी आणि गप्पांच्या मधे चालते, आणि तिथे कायद्याचा हात पोहोचत नाही.

आरपीएफने जुलै १९९४ मध्ये सत्ता घेतली आणि ओळखपत्रावरची ती ओळ गेली. पुढे ‘फूट पाडणे’ आणि ‘नरसंहाराची विचारसरणी’ हे गुन्हे ठरवणारे कायदे आले. त्यांच्यामागचे कारण समजण्यासारखे होते. पण व्याख्या इतक्या सैल होत्या की मानवी हक्क संघटनांच्या मते विरोधकांना गप्प करायलाही ते वापरले गेले. विरोधी पक्षनेत्या व्हिक्ट्वार इंगाबिरे यांनी २०१० मध्ये परत येऊन मारल्या गेलेल्या हुतूंचीही आठवण काढली. त्या वर्षी त्यांना अटक झाली आणि २०१८ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. १९९४ मध्ये पळालेले मारेकरी पूर्व काँगोत गेले, तिथे त्यांच्यातून सशस्त्र गट उभे राहिले, आणि काँगोतल्या हस्तक्षेपासाठी त्यांच्या धोक्याचे कारण किगाली तीस वर्षे देत आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने तिथले गोमा शहर घेतले तेव्हाही तेच कारण दिले गेले. या गटामागे रवांडाचे सैन्य आहे असे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणतात, रवांडा ते नाकारतो. आणि काँगोत किन्यारवांडा बोलणाऱ्या तुत्सींविरुद्ध भाषणांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत पुन्हा ‘परके’ आणि ‘फितूर’ हे शब्द फिरत आहेत.